उन्हाळा पाहायला आलेला माणूस

मला पाहायला आलेला माणूस म्हणाला, “आधी मला इथला उन्हाळा पाहायचाय.”

आमच्या पुढच्या खोलीत कूलरचा आवाज एवढा, की बाबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी उठून कूलर बारीक केला आणि पुन्हा विचारलं. पाहुण्यांनी तेच वाक्य तेवढ्याच शांतपणे पुन्हा म्हटलं. अभय ठाकूरदेसाई त्यांचं नाव, मुक्काम चिपळूण, नोकरी बँकेत, वय पस्तीस. स्टेशनवरून ऑटोत येताना डोक्याला काही बांधलं नव्हतं, त्यामुळे चेहरा लालबुंद झाला होता. पन्ह्याचा पेला दोन्ही तळहातांत धरून ते खुर्चीच्या काठावर बसले होते.

“म्हणजे असं,” ते म्हणाले, “तुमची मुलगी नागपूर सोडणार नाही, हे तिच्या मावशींनी कळवलंय. लग्न ठरलं तर बदली मागून मलाच इकडे यावं लागेल. आमच्याकडे सगळे म्हणतात, तिथला मे महिना माणसाला सोसत नाही. म्हणून मुद्दाम मेमध्येच आलो. उद्याचा दिवस माझ्या हातात आहे.”

ही १९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि टेलिफोन खात्यात नोकरी करत होते. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. ती गेल्यावर बाबा पार खचले. छातीत दुखून एकदा दवाखान्यात राहावं लागलं आणि त्यानंतर त्यांनी घराबाहेर पडणंच जवळजवळ सोडलं. मी सकाळी त्यांचं जेवण झाकून ठेवून जायची. दुपारी दोनच्या सुमारास ऑफिसातून घरी फोन करायची. पलीकडून झोपेतला आवाज यायचा, “झोपलो होतो गं,” आणि माझा जीव भांड्यात पडायचा. संध्याकाळी बाकीच्या जणी बर्डीवर, बाजारात फिरायला थांबायच्या. मी लुना काढून सरळ घरी.

लग्नासाठी माझी एकच अट होती. बाबांना एकटं टाकता येत नाही, म्हणून नागपूर सोडणार नाही. नाशिकची मावशी हौसेनं स्थळं आणायची आणि अट ऐकली की स्थळं उत्तर न देताच गप्प व्हायची. हे पहिलंच स्थळ असं, की जे अट ऐकूनही दारात आलं होतं.

“शैला, तू घेऊन जा ना यांना,” बाबा म्हणाले. “रजा टाकून दे उद्याची. तुझ्याएवढं नागपूर कोणाला माहीत आहे?”

मी म्हटलं, तुम्ही दिवसभर एकटे काय कराल. ते म्हणाले, मी काय, मी झोपून राहीन, तुम्ही निवांत फिरा, घाई करू नका. घाई करू नका हे त्यांनी दोनदा म्हटलं. मला वाटलं, स्थळ हातचं जाऊ नये म्हणून म्हणताहेत.

नागपूर दाखवा म्हटलं की लोक पाहुण्यांना जिथे नेतात, त्यातली एकही जागा माझ्या मनात आली नाही. माझ्या मनात आल्या त्या उन्हाळ्यात दिवस काढायच्या माझ्या जागा. त्या मी कोणाला दाखवल्या नव्हत्या. दाखवण्यासारख्या आहेत असंही कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी त्यांना बँकेच्या विश्रामगृहावरून घेतलं. बाईनं लुना चालवायची आणि पुरुषानं मागे बसायचं, हे त्यांना नवं असावं. पण बसले. मी त्यांना घरून आणलेला पांढरा दुपट्टा दिला आणि आता गळ्यात ठेवा, नऊ वाजले की डोक्याला कानासकट गुंडाळा, असं सांगितलं.

सेमिनरी हिल्सच्या चढावर लुना दमली, तेव्हा आम्ही ती झाडाला टेकवून पायी निघालो. मेमधली नागपूरची पहाट बाहेरच्या माणसाला खोटी वाटते. हवा इतकी हलकी असते की दुपारच्या गोष्टी सांगणाऱ्यावर विश्वास बसू नये. रस्त्याच्या कडेला बहावा फुलला होता आणि खाली पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडला होता. टेकडीवर रोजची फिरणारी माणसं होती. त्यातल्या एक-दोघांनी मला हात केला आणि माझ्या शेजारच्या माणसाकडे नीट निरखून पाहिलं.

तिथल्या एका कठड्यावर बसून त्यांनी आपल्या घरचं सांगितलं. वडील लवकर गेले. दोन बहिणींची लग्नं त्यांनी केली आणि त्यात स्वतःचं राहून गेलं. आई मोठ्या भावाकडे राजापूरजवळच्या गावी असते. घरामागे नदी आहे. सांगताना कशाबद्दल तक्रार नव्हती. मी ऐकत होते आणि खालचं शहर हळूहळू पांढरं पडताना पाहत होते.

उतरताना आम्ही एका टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. तर्रीचा पहिला घास घेतल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण प्लेट संपवली आणि मग विचारलं, “एवढ्या उन्हात एवढं तिखट का खाता?” मी म्हटलं, घाम येतो, मग वारा गार लागतो. त्यांना ते पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

अकराच्या सुमारास रस्ते ओस पडायला लागले, तेव्हा मी त्यांना अजबबंगल्यात नेलं. सरकारी नाव वस्तुसंग्रहालय. नागपूरकर त्याला अजबबंगलाच म्हणतात. दगडी भिंती, उंच छत, आत पाऊल टाकलं की अंगावरून ऊन उतरतं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आई मला इथे आणायची. मी पेंढा भरलेली जनावरं पाहत फिरायची आणि आई जुन्या मूर्तींच्या दालनात बाकावर बसून विणकाम करायची. कोणासाठी तरी थंडीचा स्वेटर, तोही मे महिन्यात. कधीकधी तिथेच तिचा डोळा लागायचा. पहारेकरी तिला उठवत नसत.

हे मी त्यांना सांगितलं. सांगता सांगता त्याच बाकावर बसले. आईबद्दल मी कोणाशी फारसं बोलत नव्हते. घरी तर नाहीच, कारण बाबांसमोर तिचं नाव काढलं की ते उठून आतल्या खोलीत जात.

“त्यांना उन्हाळा आवडायचा?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी थोडा विचार केला आणि म्हटलं, “हो. ती म्हणायची, उन्हाळ्यात कोणी कोणाकडे कामं घेऊन येत नाही. दुपार आपली असते.”

ते हसले. मूर्तींच्या त्या दालनात आम्ही खूप वेळ बसलो. मधे मधे बोललो, मधे मधे गप्प राहिलो. ते गप्प राहणं मला जड गेलं नाही. तोवर मी मनाशी म्हणत होते, आवडलं तर राहतील, नाही तर जातील. त्या बाकावरून उठताना मात्र मला वाटायला लागलं की त्यांना हे शहर आवडावं.

बाहेर पडलो तेव्हा डांबर पायाला चिकटत होतं. मी म्हटलं, “पुढच्या चौकात एक रसवंती आहे. तिथे मस्त रस भेटतो.”

“कोणाला?” त्यांनी विचारलं.

मला समजायला वेळ लागला. मग मी हसले, तेही हसले. तुमच्याकडे मिळतं ते आमच्याकडे भेटतं, असं मी त्यांना सांगितलं. लुनावर बसता बसता ते म्हणाले, “बरं आहे. रस भेटला तर ओळख होईल.”

वाटेत एका फोनच्या दुकानातून मी घरी फोन लावला. घंटा बऱ्याच वेळ वाजली. “झोपलो होतो गं,” बाबा जांभई देत म्हणाले. जेवलो, पाणी पितोय, काळजी करू नको, संध्याकाळपर्यंत फिरा. मी सांगितलं, ऊन उतरलं की फुटाळा तलावावर जाणार आहोत. मी निर्धास्त झाले.

रसवंतीपर्यंत पोचायला फार अंतर नव्हतं, पण ते अंतर त्यांना बाधलं. समोरून येणाऱ्या झळा तोंड भाजत होत्या. मागून त्यांचं बोलणं थांबलेलं मला कळलं नाही. उतरलो तेव्हा पाहिलं, तर त्यांच्या शर्टावर रक्ताचे थेंब. नाकाचा घोळणा फुटला होता.

रसवंतीवाल्या बाई धावल्या. त्यांनी बादलीभर पाणी आणलं, मी पाहुण्यांना बाकावर बसवून मान पुढे झुकवायला सांगितली, नाक धरायला लावलं, मानेवर आणि डोक्यावर पाणी ओतलं. बाईंनी कांदा फोडून त्यांच्या हातात दिला. रसवंतीच्या तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या होत्या. त्यांच्यावर पाणी मारलं की ओल्या वाळ्याचा वास घेऊन वारा आत यायचा. त्या वाऱ्यात ते डोळे मिटून बसून राहिले, भिजलेले, हातात कांदा घेतलेले. रक्त थांबलं. मी समोर बसले होते आणि मनात म्हणत होते, संपलं. आता हा माणूस आजच्याच गाडीनं जाईल आणि मावशीला कळवेल की मुलगी चांगली आहे, गाव नको.

त्यांनी डोळे उघडले. “इथे पोहायला कुठे मिळतं?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, उन्हानं बरळताहेत.

“नाही, खरंच विचारतोय,” ते म्हणाले. “आमच्याकडे उन्हाळा म्हणजे नदी. दुपारभर पाण्यात. मी पोरवयापासून दुसरा उन्हाळा पाहिलेला नाही. बाकी सगळं मी सोसेन, पण अंग पाण्यात बुडवायला मिळणार असेल तरच.”

मी जन्मापासून नागपुरात, आणि मला ते सांगता येईना. पोहणं हे माझ्या घरात कोणी केलेलं नव्हतं. सार्वजनिक पोहण्याचा तलाव आहे एवढं ठाऊक होतं, त्याच्या भिंतीजवळून रोज जात होते, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. रसवंतीवाल्या बाईंनीच सांगितलं की चारनंतर उघडतो, आधी वयस्कर लोकांना सोडतात, मग बाकीच्यांना.

आम्ही ऊन थोडं कलेपर्यंत तिथेच बसलो आणि मग गेलो. दारावरच्या माणसाला आम्ही फक्त चौकशीला आलोय असं सांगितलं. तो म्हणाला, वर पत्र्याखाली पायऱ्या आहेत, तिथे बसून पाहा.

पायऱ्यांवरून खाली पाहिलं तर निळं पाणी, एवढं मोठं, आणि त्यात दहा-बारा म्हातारे. दोघे काठ धरून पाय मारत होते. एक जण टोपी घालून मोठ्यानं मोजत होता. आणि मधोमध एक माणूस पाण्यावर उताणा पडला होता. हात पसरलेले, डोळे मिटलेले, हालचाल नाही.

त्या माणसाची हनुवटी मी ओळखली.

मी पायऱ्या कशा उतरले मला आठवत नाही. काठाशी पोचून मी “बाबा!” म्हणून ओरडले, तेव्हा सगळा तलाव थांबला. माझ्या मागून अभय आले होते. त्यांनी एक बूट काढून फेकला होता आणि दुसऱ्याशी झटत होते.

पाण्यावरचा माणूस दचकला, बुडाला, आणि छातीभर पाण्यात उभा राहिला. नाकातोंडातून पाणी काढत त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या शेजारी एका पायात बूट घातलेल्या पाहुण्यांकडे पाहिलं.

“तुम्ही फुटाळ्याला जाणार होते ना?” बाबा म्हणाले.

ते शिडीवरून वर आले. गेल्या तीन वर्षांत मी त्यांना उघड्या अंगानं पाहिलं नव्हतं. खांदे भरले होते. पाठ सरळ होती. टोपीवाले दंडिगे काका, बाबांचे पोस्टातले जुने सोबती, लांबूनच मला नमस्कार करून पुन्हा पाण्यात शिरले. त्यांना पुढचं ऐकायचं नव्हतं.

बाबा टॉवेल गुंडाळून माझ्याजवळ पायरीवर बसले. अभय बूट उचलून जरा दूर जाऊन उभे राहिले.

मी विचारलं, किती दिवसांपासून. बाबा म्हणाले, दुसरा उन्हाळा. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पाण्यात चाला. दंडिगे घरी येऊन घेऊन गेले. आधी नुसते चालायचे, मग पाय मारायला लागले, मग एक दिवस पाण्यानं उचलून धरलं. माझा फोन येऊन गेला की ते आवरायला लागायचे, आणि मी यायच्या आत घरी असायचे. केस वाळवून.

“मला सांगितलं का नाही?”

बाबा पाण्याकडे पाहत राहिले. “तू रोज ऑफिसातून धावत येतेस,” ते म्हणाले. “घरी कोणीतरी वाट पाहून राहिलंय म्हणून येतेस. मला बरं वाटतंय म्हणून सांगितलं असतं, तर तू कोणासाठी धावली असतीस? तुझ्या हातात दुसरं काही दिसलं असतं, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.”

त्यांच्या आवाजात दोष देणं नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीवर ओला हात ठेवला, आणि मग उठून अभयकडे गेले.

“पोहता का?”

“हो.”

“मग उभे काय राहिले? आमच्या दंडिग्यांकडे जास्तीची चड्डी आहे. जरा सैल होईल.”

थोड्या वेळानं मी वर पायऱ्यांवर बसले होते आणि माझ्या समोर पाण्यात दोन पुरुष होते. अभय सहज पोहत होते, घरात चालावं तसे. बाबा त्यांच्या मागे, पाणी उडवत, मान वर काढून, दम लागला तरी न थांबता. टोकाला पोचले की दोघं काहीतरी बोलायचे आणि हसायचे. तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. माझ्या हातातून कोणीतरी काहीतरी काढून घेतल्यासारखं. इतकी वर्षं जे सांगत आले, मावशीला, मैत्रिणींना, स्वतःला, ते आता खरं राहिलं नव्हतं. बाबांना माझी गरज होती, पण मी समजत होते तशी नव्हती. मी उद्या कुठेही गेले असते तरी हा माणूस पाण्यावर तरंगत राहिला असता.

बाबा दंडिग्यांच्या स्कूटरवरून घरी गेले. आम्ही फुटाळ्याला गेलो.

सूर्य तलावाच्या पलीकडे उतरला होता. उन्हाळ्यात फुटाळ्याच्या काठी सगळं नागपूर येऊन बसतं. पाण्यावरून वारा सुटतो आणि दिवसभर घरात कोंडलेली माणसं त्या वाऱ्यात तोंडं धरतात. आम्ही काठाच्या दगडी पट्टीवर बसलो. गोळेवाला फिरत होता. अभयनी दोन गोळे घेतले. त्यांचे केस अजून ओले होते आणि चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच निवलेला दिसत होता.

“तुमचे वडील छान पोहतात,” ते म्हणाले. “म्हणजे चुकीचं पोहतात, पण छान.”

मी हसले.

मग ते म्हणाले, “आता तुमची अट तशी उरली नाही. वडील ठणठणीत आहेत, सोबती आहेत. चिपळूणला यायला हरकत नसावी. मला बदली मागावी लागणार नाही. चिपळूण तुम्हाला आवडेल.”

बोलणं सरळ होतं, त्यात डाव नव्हता. दुसऱ्या कोणी असं विचारलं असतं तर मी लगेच म्हटलं असतं, नाही, बाबांचं औषध, बाबांचं जेवण, बाबांचं रक्तदाब तपासणं. त्यातलं एकही माझ्या जिभेवर आलं नाही. समोर पाणी होतं, काठावर माणसं होती, कुठेतरी रेडिओ लागला होता. मी त्या गर्दीकडे पाहिलं आणि मला कळलं की मला उत्तर माहीत आहे, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

“अट आहे,” मी म्हटलं. “बाबांसाठी नाही. मला इथेच राहायचंय.”

“का?”

“मला आवडतं म्हणून. ह्या मे महिन्यासकट. तुम्हाला पटेल असं कारण नाही माझ्याकडे. पण बाबांचं नाव पुढे करून सांगितलं तर ते खोटं होईल.”

गोळा हातात वितळायला लागला, तो त्यांनी काठावर ठेवून दिला.

“मग मीही एक खरं सांगतो,” ते म्हणाले. “अट वडिलांसाठी आहे म्हणून मी हो म्हणून आलो होतो. मला वाटलं होतं, काही वर्षांचा प्रश्न आहे. ते असेपर्यंत इथे राहू, मग पुढे कोकणात. म्हणजे मी काय धरून चाललो होतो, ते तुमच्या लक्षात आलं असेल.”

आलं होतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. आज त्याच माणसाबरोबर ते पाण्यात उतरले होते आणि हसले होते.

“सांगितलंत, बरं केलंत,” मी म्हटलं.

“आता मला नव्यानं विचार करावा लागेल. कायमचं यायचं म्हणजे वेगळं आहे. उगाच हो म्हणत नाही.”

“नका म्हणू.”

अंधार पडेपर्यंत आम्ही तिथे बसलो. मग मी त्यांना विश्रामगृहावर सोडलं. त्यांनी दुपट्टा घडी करून परत दिला. त्यावर रक्ताचा डाग होता, त्याबद्दल माफी मागितली, आणि आत गेले.

घरी आले तर बाबांनी भात टाकला होता. मी जेवायला बसले. त्यांनी वाढलं आणि विचारलं, “काय म्हणाले?”

“विचार करतो म्हणाले.”

“आणि तू?”

“मी सांगून टाकलं. मला नागपूर सोडायचं नाही, तुम्ही असा नाही तर नसा.”

बाबांचा हात वरणाच्या भांड्यावर थांबला. मग ते मोठ्यानं हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “तुझ्या आईला मी बदलीवर न्यायला निघालो होतो, नाशिकला,” ते म्हणाले. “ती हेच म्हणाली होती. फक्त तिनं माझ्या आईचं नाव पुढे केलं होतं.”

त्या रात्री बऱ्याच दिवसांनी ते आईबद्दल बोलले. मी ताट तसंच ठेवून ऐकत बसले.

चिपळूणहून तीन आठवडे काही कळलं नाही. मावशीनं दोनदा विचारलं, मी म्हटलं, माहीत नाही. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं, पण जड वाटत नव्हतं. संध्याकाळी मी मैत्रिणींबरोबर बर्डीवर थांबायला लागले होते. मग एका रविवारी सकाळी फोन वाजला.

“बदली मागितली आहे,” अभय म्हणाले. “नागपूर आवडलं म्हणून मागितली, असं सांगायचं ठरवलं होतं. पण तसं नाही. नागपूर मला अजून आवडलेलं नाही. तुम्ही तलावाच्या काठी बोललात, ते आवडलं.”

फोनवर खरखर होती. ती कमी होईपर्यंत मी थांबले.

“आवडेल हळूहळू,” मी म्हटलं.

“नाही आवडलं तर?”

“तर तसं सांगायचं.”

डिसेंबरात आमचं लग्न झालं. पहिल्या मेमध्ये त्यांनी रोज सांगितलं की आवडलेलं नाही. दुसऱ्या मेमध्ये अधूनमधून सांगितलं. बाबा आणि ते तलावावर एकत्र जायचे, आणि बाबांचे हात ते सुधारत राहिले. बाबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत पोहले आणि शेवटपर्यंत चुकीचंच पोहले.

लग्नानंतर पाचव्या की सहाव्या उन्हाळ्यात अभयचे मोठे भाऊ राजापूरहून आले. दुपारी कूलरसमोर शर्ट काढून बसले आणि म्हणाले, अभय, तू इथे जगतोस कसा. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. अभय म्हणाले, “दादा, ऊन कललं की चल माझ्याबरोबर. एक जागा दाखवतो.”

मला वाटलं फुटाळा, नाहीतर टेकडी. दोघं परत आले तेव्हा दादांचा चेहरा निवला होता आणि चपलांना ओली माती लागली होती. मी विचारलं, कुठे गेला होता? अभय म्हणाले, “आहे एक.”

मी जन्माची नागपूरकर. पण ती जागा मला माहीत नव्हती.